अनोळखी शेतात मेटल डिटेक्टर: यंत्र सुरू करण्याआधीपासून खड्डा बुजवेपर्यंत

जुन्या वस्तूंच्या शोधात डिटेक्टर घेऊन बाहेर पडणाऱ्यांचं बहुतेक वेळा चुकतं ते क्रमात. आधी यंत्र येतं, मग कुठलंतरी मोकळं रान दिसतं, आवाज आला की खड्डा होतो. जमीन कुणाची, कायदा काय सांगतो, वस्तू नेमकी कुठे मिळाली, हे प्रश्न नंतर सुचतात आणि तोवर उत्तरं हातची गेलेली असतात. मातीतून निघालेल्या वस्तूची जागा एकदा हरवली की ती परत मिळवता येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या चार पायऱ्यांमध्ये यंत्र त्या अनोळखी शेतात न्यायचंच नाही.

## १. कायदा आणि परवानगी

जमीनमालक हो म्हणाला म्हणजे सगळं झालं, ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. मालकाची परवानगी आणि कायद्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

नियम देशागणिक बदलतात. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालच्या संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात आणि त्यांच्या विक्रीला परवाना लागतो. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अॅक्ट आहे. त्यात बसणारी वस्तू सापडल्यावर चौदा दिवसांत कोरोनरला (अशा ठेवींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर विनापरवाना डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा आहे. आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायलाच सरकारी संमती लागते. अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने संघराज्याच्या आणि मूळ रहिवाशांच्या जमिनींवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना संरक्षण दिलं आहे. ज्या भागात जाणार आहात तिथल्या पुरातत्त्व विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. उत्तर नकाराचं आलं तर बेत तिथेच सोडायचा.

मग मालकाकडे जा. शेत कसणारा आणि मालक वेगळे असतील तर दोघांना भेटा. जमीन सामाईक असेल तर एकाच भावाचा होकार पुरत नाही. परवानगी कागदावर घ्या आणि त्यात एवढं तरी असू द्या: कोणतं शेत आणि त्याच्या हद्दी, कोणत्या तारखा, किती खोल खणणार, खड्डे कोण बुजवणार, सापडलेली वस्तू प्रथम कुणाला दाखवणार आणि कायद्याने ती सरकारजमा होणार असेल तर ते दोघांनाही मान्य आहे. हा शेवटचा मुद्दा आधी बोलायला अवघड वाटतो, पण वस्तू हातात आल्यावर बोलणं त्याहून अवघड असतं.

याच भेटीत विचारून घ्या: पंपाची केबल आणि पाण्याचे पाइप कुठून गेले आहेत, कठडा नसलेली विहीर कुठे आहे, फवारणी केव्हा झाली, कुंपणात वीज सोडतात का, जनावरं कुठे बांधतात. आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न: नांगरताना फाळाला काही लागतं ती जागा कोणती? कसणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक असतं, पण आपण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

तपासा: पुरातत्त्व विभागाचं उत्तर, मालकाची सही, कसणाऱ्याचा होकार. तीनपैकी एक जरी नसेल तरी पुढे जायचं नाही.

## २. नकाशावर काम

अनोळखी जमिनीवर अंदाजपंचे फिरण्यात दिवस जातात. त्याऐवजी दोन संध्याकाळी नकाशांना द्या. जितके जुने भूमापन नकाशे मिळतील तितके मिळवा आणि आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवून पाहा. जुन्या नकाशात दिसणारी आणि आज नसलेली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची: मोडलेली वस्ती, बंद पडलेली पायवाट, ओढ्यावरचा उतार, बुजलेली विहीर, नाहीसा झालेला बांध. माणसं जिथे थांबतात, वाकतात, बसतात, ओझं उतरवतात तिथे वस्तू पडतात. त्यामुळे सपाट शेताच्या मध्यापेक्षा पाणवठ्याची वाट, चढाच्या पायथ्याची सावली आणि दोन रस्त्यांचा सांधा यांना आधी वेळ द्या.

उपग्रह चित्रं एकाच ऋतूतली पाहू नका. उभ्या पिकात, विशेषतः कोरड्या दिवसांत, जमिनीखालच्या भिंतीवरचं पीक खुजं आणि लवकर पिवळं पडतं, तर बुजलेल्या चरावरचं पीक उंच आणि हिरवं राहतं. नांगरलेल्या जमिनीत रंगाचे डाग दिसतात. त्या भागाचा लायडार (लेसरने मोजलेल्या उंच-सखलपणाचा) नकाशा उपलब्ध असेल तर गवताखालचे उंचवटेही त्यात उठून दिसतात.

संरक्षित स्मारकांची यादी काढून त्यांची हद्द नकाशावर रंगवा. नेहमी नांगरल्या जाणाऱ्या शेतावरच काम करायचं, हेही इथेच ठरवा. कधीच न नांगरलेल्या जमिनीत वस्तू आणि तिचे थर जागच्या जागी असण्याची शक्यता मोठी असते. ती जमीन पुरातत्त्वज्ञांसाठी सोडा.

## ३. ओळखीच्या जमिनीवर यंत्राचा सराव

सराव ओळखीच्या जागी करा, अनोळखी शेतात पहिला दिवस शिकण्यात घालवू नका. लोखंडी खिळा, तांब्याचं आणि चांदीचं नाणं, शिशाची गोळी, अॅल्युमिनियमचा तुकडा, असं एकेक वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि प्रत्येकाचा आवाज कानात बसवा. मग खिळा आणि नाणं शेजारीशेजारी पुरून पाहा. नाणं कसं गायब होतं ते कळेल.

यंत्र कोणतं घ्यावं यावर लोक नको इतका वेळ घालवतात. साधं व्हीएलएफ प्रकारचं (कमी वारंवारतेच्या सलग लहरी सोडणारं), हाताने ग्राउंड बॅलन्स करता येणारं, म्हणजे त्या मातीशी जुळवून घेता येणारं यंत्र पुरेसं आहे. पल्स इंडक्शन (लहरींऐवजी विजेचे तुटक ठोके सोडणारं) यंत्र खनिजयुक्त मातीत खोल जातं, पण लोखंड वेगळं ओळखण्यात कमी पडतं. नवख्याने त्याच्या नादी लागू नये. सोबत हेडफोन, पिनपॉइंटर (वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र), अरुंद पात्याचं खुरपं, मातीसाठी चौकोनी कापड, निशाणांच्या काड्या, झिपच्या पिशव्या, कायम शाईचं पेन, मोजपट्टी आणि वही असू द्या. वही विसरलात तर परत जा.

## ४. यंत्राशिवाय शेत चालून पाहा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. हात मागे बांधून शेत आडवं आणि उभं चालायचं, नजर जमिनीवर. खापरं, विटांचे तुकडे, चुन्याचे खडे, भट्टीतला जळका मळ, हाडं, परगावचा वाटणारा दगड, यांतलं काय कुठे दाट आहे ते नकाशावर टिपा, उचलू मात्र नका. मातीचा रंग बघत चला. वस्ती असलेल्या जागेची माती राखट, भुसभुशीत होते आणि आजूबाजूच्या शेतमातीपासून वेगळी दिसते. असा पांढरीचा पट्टा लागला तर थांबून विचार करा: ही वस्तीची जागा असेल तर तिची खबर पुरातत्त्व विभागाला आधी द्यायची, डिटेक्टर नंतर.

सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात चाला. दुपारी न दिसणारे हलके उंचवटे आणि खोलगट रेषा त्या वेळी सावलीमुळे कळतात. पाऊस पडून गेल्यावर खापरं धुऊन निघतात, म्हणून वाफसा आलेला दिवस सर्वांत चांगला. चिखलात मात्र जाऊ नका. ओली माती पायाखाली दाबली गेली की शेतकऱ्याचं नुकसान होतं.

इशारा: उभ्या पिकात किंवा नुकत्या पेरलेल्या शेतात परवानगी असली तरी उतरू नका. काढणी झाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंतचा काळच आपला.

## ५. त्या मातीशी यंत्र जुळवून घेणं

शेतात पोहोचल्यावर मोबाइल विमान मोडवर टाका किंवा यंत्रापासून दूर ठेवा. वीजवाहिनी किंवा विजेचं कुंपण जवळ असेल तर यंत्र विनाकारण बडबडतं. अशा वेळी वारंवारता बदला किंवा तिथून दूर सरका.

मग ग्राउंड बॅलन्स. जिथे काही वाजत नाही अशी जागा शोधा. कॉइल (यंत्राच्या टोकाची चकती) जमिनीपासून साधारण तीन ते पाच सेंटिमीटरपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वर-खाली करा आणि आवाज दोन्ही टोकांना सारखा होईपर्यंत बॅलन्स फिरवा. कॉइल खाली येताना आवाज वाढत असेल किंवा दबत असेल तर जमलेलं नाही. काळ्या दगडाच्या आणि तांबड्या लोहयुक्त मातीत हे नीट केलं नाही तर दिवसभर दगडच वाजत राहतात. शेताच्या दुसऱ्या टोकाला मातीचा रंग बदलला की पुन्हा बॅलन्स करा.

सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) शेवटपर्यंत चढवायची सवय मोडा. यंत्र शांत असेल त्या पातळीच्या किंचित खाली ठेवा. सतत कुरकुरणाऱ्या यंत्रात खोलवरचा बारीक सिग्नल ऐकूच येत नाही, त्यामुळे आकडा मोठा असूनही प्रत्यक्षात खोली कमी मिळते.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या धातूचा आवाज बंद करण्याबद्दल, माझं मत ठाम आहे: ऐतिहासिक वस्तूंच्या शोधात लोखंड पूर्ण बंद करू नका. बाणांची टोकं, खिळे, नाल, कुलपं, अवजारं लोखंडाचीच असतात. दाट खिळे हीच कित्येकदा पडलेल्या घराची एकमेव खूण असते. शिवाय यंत्राच्या पडद्यावर ज्या आकड्यावर कॅनचा अॅल्युमिनियम टॅब दिसतो त्याच आकड्यावर सोन्याची लहान अंगठीही दिसू शकते. लोखंडाचा आवाज हलका ठेवा, पण येऊ द्या.

## ६. पट्टे आखून फिरवणं

मनाला येईल तसं फिरू नका. दोरी किंवा काड्या लावून दोन मीटर रुंदीचे पट्टे आखा आणि त्यांना क्रमांक द्या. एक पट्टा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात पाय ठेवायचा नाही.

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर. फेरा संपताना हात नकळत उचलला जातो आणि दोन्ही टोकांची खोली वाया जाते. ही चूक इतकी सर्रास आहे की सुरुवातीला कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. पुढच्या फेऱ्यात निम्मी कॉइल आधीच्या फेऱ्यावरून जायला हवी, कारण कॉइलचा प्रभाव खोलीबरोबर अरुंद होत जातो. वेग कमी ठेवा. खिळे दाट असतील तर आणखी कमी, आणि शक्य असल्यास लहान कॉइल लावा.

पहिल्या फेरीत खणूच नका. चांगला सिग्नल आला की काडी रोवा आणि पुढे चला. पट्टा संपल्यावर मागे वळून पाहिलं की काड्या एकत्र गोळा झाल्या आहेत, रेषेत आहेत की विखुरल्या आहेत, ते एका दृष्टीत दिसतं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ आणि १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी हेच केलं. डिटेक्टरवाले स्वयंसेवक रांगेने चालले आणि निशाणं रोवत गेले. वस्तू काढणारे आणि जागा मोजणारे त्यांच्या मागून आले. काडतुसांवरच्या फायरिंग पिनच्या (बंदुकीत काडतुसावर आपटणाऱ्या टोकाच्या) खुणा आणि त्यांच्या मोजलेल्या जागा जुळवून १८७६ च्या त्या लढाईत एकेक बंदूक कुठून कुठे सरकली ते नकाशावर मांडता आलं. तीच काडतुसं कुणाच्या खिशात गेली असती तर त्यांतून हे काही कळलं नसतं.

## ७. खणण्याआधी सिग्नलची परीक्षा

काडीपाशी परत या आणि तीन गोष्टी करा.

एक, कॉइल एका दिशेने फिरवा, मग नव्वद अंशांत वळून पुन्हा. दोन्हीकडून सारखा, गोल आवाज आला तर ठीक. एका बाजूने स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूने तुटक असेल तर बहुधा खिळा किंवा वाकडं लोखंड.

दोन, कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याएवढी वस्तू लवकर ऐकू येईनाशी होते. हातभर वरूनही तितकाच जोर असेल तर वस्तू मोठी आहे: डबा, पत्रा, पाइप किंवा त्याहून धोकादायक काही. इथे खणण्याची घाई नको.

तीन, यंत्राच्या पिनपॉइंट मोडने किंवा कॉइल आडवी-उभी फिरवून केंद्र ठरवा. मोठ्या पत्र्याचा आकडा चांदीसारखा दिसतो, म्हणून आकड्यावर एकट्यावर कधीच भरवसा ठेवू नका.

तपासा: मालकाने दाखवलेली केबल किंवा पाइप या रेषेत येतात का? काड्या सरळ रेषेत आल्या असतील तर हा संशय आधी फेडा.

## ८. खणणं

केंद्रापासून दहा सेंटिमीटर लांब सुरुवात करा, कधीही वर नाही. खुरप्याचा एक घाव हजार वर्षं टिकलेल्या नाण्यावर कायमचा ओरखडा पाडतो. गवताळ जागी नालेच्या आकाराचा तीन बाजूंचा काप घ्या आणि चौथ्या बाजूवर ढेकूळ उलटं करा, म्हणजे मुळं तुटत नाहीत. कडक उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात मात्र हे करू नका. ढेकूळ परत बसत नाही आणि पिवळा ठिपका महिनाभर तुमची तक्रार करत राहतो.

माती काढाल ती कापडावर. प्रत्येक थरानंतर खड्ड्यात पिनपॉइंटर फिरवा, मग कापडावरच्या मातीत. वस्तू दिसली की ओढू नका. भोवतीची माती बोटांनी किंवा लाकडी काडीने मोकळी करा, आहे त्या स्थितीत मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, खोली मोजा, आणि मगच उचला. खड्ड्यात पुन्हा एकदा पिनपॉइंटर घाला, कारण एका वस्तूखाली दुसरी असू शकते.

नांगराच्या खोलीखाली जायचं नाही. ती साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटर असते, नेमकी किती ते शेतकऱ्याला विचारा. भुसभुशीत माती संपून खाली घट्ट, वेगळ्या रंगाची माती लागली की ती सीमा आली. सिग्नल त्याखालून येत असेल तर जागा टिपा, खड्डा बुजवा आणि कळवा.

बुजवताना कापडावरची माती सगळी आत, ढेकूळ वर, पायाने दाबून घट्ट. निघालेला पत्रा, काच, तार खड्ड्यात परत टाकू नका, सोबत न्या. मालक पुन्हा बोलावतो की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

## ९. हातचं काम सोडून थांबायचं कधी

चार प्रसंगी खुरपं खाली ठेवायचं.

स्फोटकासारखं काही: तोफगोळा, बॉम्ब, ग्रेनेड, गंजलेला जाड नळकांडा. हात लावू नका, हलवू नका, यंत्र बंद करा, आलात त्याच वाटेने मागे जा, इतरांना दूर ठेवा आणि पोलिसांना फोन करा. दीडशे वर्षं जुनी दारूही जिवंत असू शकते.

माणसाची हाडं: जागा झाका, पोलीस आणि पुरातत्त्व विभाग दोघांना कळवा.

बांधकाम: फरशी, भिंतीची ओळ, रचलेले दगड.

ठेव: दोन-चार नाणी एकमेकांना चिकटलेली, किंवा मडक्याचा काठ दिसणं. इथे माणसाचा ताबा सुटतो. इंग्लंडमध्ये हॉक्सन इथे १९९२ साली एरिक लॉज हे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना रोमन काळातली ठेव लागली. त्यांनी काही वस्तू काढल्यावर काम थांबवून कळवलं आणि पुरातत्त्वज्ञांनी उरलेली ठेव मातीसकट काढली. सुमारे पंधरा हजार नाणी निघालीच, पण वस्तू जागच्या जागी असल्यामुळे त्या ज्या लाकडी पेटीत रचून ठेवल्या होत्या ती कुजून गेलेली पेटीही मांडता आली. याउलट २०१५ साली लेमिन्स्टरजवळ मिळालेली वायकिंग काळातली ठेव दोघांनी दडवली. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, पण सुमारे तीनशे नाण्यांपैकी एकतीसच हाती लागली.

थांबल्यावर खड्डा हलक्या मातीने झाका, अक्षांश-रेखांश टिपा, मालकाला सांगा, आणि समाजमाध्यमावर फोटो टाकू नका. रात्रीतून तिथे कोण येईल ते सांगता येत नाही.

## १०. नोंद, जागच्या जागी

संध्याकाळी आठवून लिहू, असं म्हणू नका. एक वस्तू, एक पिशवी, एक क्रमांक. पिशवीवर आणि वहीत तोच क्रमांक, तारीख, पट्टा, खोली आणि जीपीएसचा आकडा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. तेवढं पुरत नसेल तर शेताच्या दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे बांधाचा कोपरा आणि खांब यांपासून, टेपने अंतर मोजा. ओळख पटली नाही तरी 'अज्ञात, हिरवट, गोल, २१ मिमी' असं लिहा. अंदाजाने राजाचं नाव लिहू नका. एकदा लिहिलेलं नाव पुढे खरं मानलं जातं.

## ११. घरी आणल्यावर

घासू नका. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश, टूथपेस्ट, तेल, काहीच नाही. तांब्या-पितळेवरचा हिरवा थर हाच वस्तूचा पृष्ठभाग असतो; अक्षरं आणि नक्षी त्यातच उरलेली असते. त्यावर फिकट हिरवी भुकटी उगवू लागली तर क्षाराचा रोग सुरू आहे, वस्तू कोरड्या हवेत ठेवा आणि संवर्धकाकडे न्या. लोखंड सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. शिसं लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या आम्लाने ते पांढरं पडून झिजतं. हाताळल्यावर हात धुवा. वस्तूला लाकूड, चामडं किंवा कापड चिकटलेलं असेल आणि ते ओलं असेल तर ओलंच ठेवा आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन करा.

कायद्याने कळवायच्या वस्तूंची खबर ठरलेल्या मुदतीत द्या आणि पोच घ्या. मालकाला सगळ्या वस्तूंची यादी फोटोंसह द्या, किरकोळ तुकड्यांसकट. नकाशाची एक प्रत पुरातत्त्व विभागाला पाठवताना ज्या पट्ट्यांत काहीच मिळालं नाही तेही क्रमांकाने लिहा, आणि त्या दिवशी माती ओली होती की कोरडी, कोणती कॉइल आणि कोणती सेटिंग होती ते शेजारी नोंदवा. पुढच्या नांगरटीनंतर तेच पट्टे पुन्हा तपासायचे की नाहीत, हे त्यावरून ठरवता येतं.